अंगणातल्या तळ्यातले मासे बगळ्याच्या पोटात जाऊ नयेत म्हणून

बेलापूरला, पारसिकच्या डोंगराला पाठ लावून आमचं रो-हाउस आहे. पुढच्या अंगणात ९ फूट बाय ५ फुटांचं तळं बांधून घेतलं. तळाला स्विमिंग पूलसारख्या निळ्या टाइल्स, एका बाजूने पाण्यात उतरणाऱ्या तीन पायऱ्या, पायऱ्यांवर कुंड्या. दिसायला झकास. त्यात १४ गोल्डफिश आणि २ कोई (मोठे होणारे रंगीत जपानी मासे) सोडले. बाराव्या दिवशी मोजले तर ५ उरले होते.

मी सरळ शेजारच्या काकूंच्या मांजरीवर आळ घेतला. काकूंनी बोलणं टाकलं. मग एकदा पहाटे सव्वापाचला चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा न लावता बसले. कंपाउंडच्या भिंतीवर राखाडी बोळा पडला होता, मला वाटलं वाळत घातलेलं फडकं वाऱ्याने उडून आलंय. थोड्या वेळाने फडक्याने मान बाहेर काढली. डोक्यावर काळी टोपी, लाल डोळा. रातबगळा. तो भिंतीवरून उतरला आणि मी हौसेने बांधलेल्या पायऱ्यांवरून एक, दोन करत पाण्यात गेला, जणू पाहुणाच. गुडघाभर पाण्यात थांबला आणि मग काहीच केलं नाही. मासे आपण होऊन त्याच्याकडे आले. रोज त्याच पायरीवर बसून मी खाणं टाकायची. काठावर सावली पडली की खाऊ आला, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

त्यानंतरची तीन वर्षं मी पैसे घालवून, चुका करून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. नवी मुंबईत किंवा ठाण्यात अंगण, गच्ची किंवा सोसायटीच्या बागेत तळं करणाऱ्यांना उपयोगी पडेल. एक गोष्ट आधीच सांगते. आपल्या एका बाजूला खाडी आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला डोंगर. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून दर्जा मिळाला तो उगाच नाही. इथे बगळे असणारच. हाकलून ते संपणार नाहीत, त्यामुळे मेहनत तळ्यावर घ्यायची.

१. आधी चोर कोण ते ठरवा

ही पायरी गाळलीत तर पुढचा सगळा खर्च चुकीच्या जागी होतो. जाळं घ्यायला पळू नका, आधी तीन-चार दिवस खुणा बघा.

मासा अख्खा गायब, मागे काहीच नाही, काठावर चुन्यासारखी पांढरी विष्ठा: बगळा. दिवसाउजेडी येतो तो बहुतेक वंचक, ज्याला ढोकरी म्हणतात. बसलेला असताना मातकट, उडाला की एकदम पांढरे पंख. पावसाळ्याच्या तोंडावर विणीच्या दिवसांत त्याची पाठ गडद लालसर तपकिरी होते, तेव्हा अनेकांना तो वेगळाच पक्षी वाटतो. संध्याकाळनंतर आणि पहाटे येतो तो रातबगळा. वाचलेल्या माशाच्या पाठीवर भोसकल्यासारखी खोल जखम दिसली तरी संशय बगळ्यावरच घ्या.

फक्त बोटाएवढे मासे कमी होतायत आणि एखाद्या तारेखाली किंवा फांदीखाली विष्ठेचे शिंतोडे आहेत: खंड्या. मोठ्या कोईच्या वाटेला तो जात नाही.

कुंडी लवंडलेली, लिलीची पानं ओढलेली, अर्धवट खाल्लेला मासा बाहेर फरशीवर: मांजर. डोंगराकडेच्या घरांत उदमांजरही येतं, पण त्याचा जीव जास्त करून फळांत. भिंतीवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ते येऊन गेलं.

पावसाळ्यात एकेक करून मासे कमी होतायत, आवाज नाही, खूण नाही: दिवड, म्हणजे पाण्यातला साप, असू शकते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

पिल्लं जन्मतात आणि आठवड्यात संपतात: शत्रू पाण्यातच आहे. चतुराच्या अळ्या गप्पीची (डासांच्या अळ्या खाणारा छोटा मासा) पिल्लं धरतात, आणि मोठे मासेही स्वतःच्या पिल्लांना सोडत नाहीत.

आता सगळ्यात मोठा सापळा. मासा नाहीसा झाला म्हणजे कोणी पळवला असं नाही. मे महिन्यात पाणी तापलं, प्राणवायू कमी पडला, मासा मेला, सकाळी कावळ्याने उचलला. तुम्ही उठेपर्यंत सगळं साफ, आणि खापर बगळ्यावर. दुसरं म्हणजे मासे उडी मारतात, नवीन कोई तर पहिल्या आठवड्यात हमखास. कुंड्यांच्या मागे, पायपुसण्याखाली बघा. मला एक गोल्डफिश तुळशीवृंदावनामागे सापडला, मुंग्यांची रांग लागली होती म्हणून.

खुणांवरून ठरत नसेल तर जुना मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावून रात्रभर रेकॉर्डिंग करा. महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही, अंगणातला एक मंद दिवा पुरतो.

२. काठ आणि खोली

जाळ्याच्या आधी हे. बगळ्याला पोहून शिकार करायची नसते, त्याला उभं राहायला उथळ पाणी हवं असतं. तुमच्या तळ्याला उतार किंवा पायऱ्या असतील तर तुम्ही त्याला पाट मांडून ठेवलाय.

भिंती सरळ उभ्या हव्यात. काठाजवळच निदान दीड फूट पाणी हवं आणि मधला भाग अडीच ते तीन फूट. पाण्याची पातळी काठापेक्षा सहा-आठ इंच खाली ठेवा. काठावर कडाप्प्याची पट्टी लावणार असाल तर ती पाण्यावर चार इंच बाहेर काढून घ्या. तिच्याखाली मासे दबा धरतात आणि वरून चोच मारणाऱ्याला ते दिसत नाहीत. गवंडी म्हणेल, “ताई, असं पुढे काढलेलं बरं दिसत नाही.” दिसू दे.

माझ्या पायऱ्या मी फोडल्या नाहीत, तेवढी हिंमत झाली नाही. त्यांच्यावर विटा रचून पुढची बाजू उभी करून घेतली. एका दिवसाचं काम झालं. सिमेंटचं काम नवीन असेल तर मासे लगेच परत सोडू नका, पाणी भरून, काढून, परत भरून सिमेंटचा क्षार जाऊ द्या.

तळाचा रंगही महत्त्वाचा. निळ्या टाइलवर केशरी मासा विजेच्या तारेवरून दिसतो. गडद हिरवा किंवा काळा तळ बरा. पाणी थोडं हिरवट असणं हा दोष नाही, माशांसाठी तो पडदाच.

गच्चीवाल्यांनी इथे थांबायचं. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ९ बाय ५ फुटांचं तळं तीन फूट खोल केलं की जवळजवळ ३,८०० लिटर होतं, म्हणजे पावणेचार टनांहून जास्त. गच्चीवर किंवा पोडियमवर खोली वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर टाकी उथळ ठेवा आणि सगळा भार जाळ्यावर टाका. घरात लहान मूल असेल तर खोल तळ्यावर जाळं पुरत नाही, वजन पेलणारी लोखंडी ग्रिल लागते.

३. दडायला जागा

हे काम सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक जण तेच विसरतात. सहा इंची पीव्हीसी पाइपचे दीड-दीड फुटांचे तुकडे तळाशी आडवे ठेवा, कडा पॉलिश पेपरने घासून, नाहीतर माशांचे खवले निघतात. तोंड फुटलेला माठ आडवा ठेवला तरी चालतो. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी उघडा हवा. एका बाजूने बंद असलेल्या पाइपात दिवड शिरली तर मासा आतच अडकतो.

वरून कुमुदाची, म्हणजे वॉटर लिलीची, पानं. अर्ध्याहून थोडं जास्त पाणी पानांनी झाकलेलं असावं. खाडीकडेच्या नाल्यातून जलपर्णी उचलून आणू नका. ती महिन्यात सगळं तळं झाकते, खालचा प्राणवायू जातो आणि काढून काढून हात दुखतात.

आणि खाणं टाकायची जागा बदला. काठावर नको, मधोमध. पातळ पाइप वाकवून तरंगतं कडं केलं आणि ते दोरीने तळ्याच्या मध्यावर बांधलं. खाणं त्यातच पडतं. महिनाभराने मासे काठावरच्या सावलीकडे धावायचे बंद झाले. माझ्या सावलीकडेही. त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

४. जाळं: कुठलं, किती ताण, किती उंच

पहिलं जाळं मी जवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आणलं. जेट्टीच्या वाटेवर एक मावशी जाळं विणत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “पाखरू अडवाचाय का मासा धराचाय?” मला फरक कळला नाही. मासे धरायचं जाळं पातळ तंगुसाचं (नायलॉनच्या बारीक धाग्याचं) असतं, पाण्यात दिसू नये म्हणूनच केलेलं. ते मी तळ्यावर सैल पसरलं. आठवड्यात त्यात एक बुलबुल अडकला, कात्रीने सोडवताना माझे हात थरथरत होते. मावशींचा प्रश्न तेव्हा कळला.

तर नियम असे:

जाळं दिसणारं हवं. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती जाड नायलॉनची जाळी उत्तम. जाळ्याच्या एका डोळ्याला कोळी लोक ‘आस’ म्हणतात. ती एक इंचाची घ्या. दोन इंची आस मोठ्या बगळ्याला अडवते, पण छोटा खंड्या तिच्यातून सूर मारू शकतो.

जाळं ताणलेलं हवं. हात आपटला तर ढोलकीसारखं परत यायला हवं. सैल जाळ्यात पक्षी अडकतो, आणि वरती बसलेल्या बगळ्याच्या वजनाने ते पाण्याला टेकतं. मग तो जाळ्यावर उभा राहून आरामात चोच मारतो. हे मी पाहिलंय.

जाळं पाण्यापासून निदान एक फूट वर हवं. जीआय पाइपची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची) चौकट करून तिच्यावर ताणा, एका बाजूला बिजागऱ्या आणि कडी लावा म्हणजे साफसफाईला उघडता येईल. नुसत्या खिळ्यांना बांधलेलं जाळं दुसऱ्यांदा कोणी नीट बांधत नाही. मीही बांधलं नाही.

जाळ्याची कडा जमिनीवर लोळता कामा नये. साप त्यात डोकं घालतो, मागे सरकता येत नाही, आणि नायलॉन मासात रुततं. नायलॉनची जाळी जमिनीपासून सहा इंच वरच संपवा. त्याखालचा भाग पाव इंची वेल्डमेशच्या (तारा जोडून केलेल्या लोखंडी जाळीच्या) कडक पट्टीने भरून काढा. ही पट्टी जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर पाण्यात बुडू देऊ नका, जस्त पाण्यात उतरलं की माशांना बाधतं.

संपूर्ण जाळं नको असेल, तळं मोकळं दिसायला हवं असेल, तर काठाभोवती सहा इंच आणि एक फूट उंचीवर दोन जाड दोऱ्या ताणा. चालत पाण्यात उतरणारा बगळा त्याने अडखळतो. पतंगाचा नायलॉन मांजा या कामाला कधीही वापरू नका, त्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात आणि त्यावर बंदीही आहे. दोऱ्यांचा खंड्यावर काही परिणाम होत नाही. माझं मत विचाराल तर पूर्ण चौकटच करा, दोन महिन्यांत डोळ्यांना ती दिसेनाशी होते.

सामान, एका चकरेत आणण्यासाठी: कबुतर जाळी (तळ्याच्या मापापेक्षा दोन्हीकडे एक फूट जास्त), पाऊण इंची जीआय पाइप आणि कोपरे, बिजागऱ्या, कडी, यूव्ही केबल टाय (साधे टाय उन्हाने वर्षात तुटतात), पाव इंची वेल्डमेश, सहा इंची पीव्हीसी पाइप, पॉलिश पेपर, पत्रा कापायची कात्री, जाड हातमोजे. माझा सगळा खर्च फॅब्रिकेटरच्या मजुरीसकट आठ हजारांच्या आत झाला. गेलेल्या माशांचा हिशेब मी केला नाही.

५. ज्यावर पैसे घालवू नका

प्लॅस्टिकचा बगळा. ‘एक बगळा दिसला की दुसरा येत नाही’ असं सांगून विकतात. माझ्याकडे पाचव्या दिवशी खरा येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. खोटा बगळा पाहून त्याला इथे जेवण आहे असंच वाटलं असावं.

चमकणाऱ्या सीडी आठवडाभर काम करतात. सेन्सरवाला पाण्याचा फवारा खरंच चालतो, पण त्याने पहिल्याच दिवशी पेपरवाल्याला भिजवलं. वीज गेली की तोही गेला.

डांबरगोळ्या, फिनेल, मिरचीपूड काठावर टाकायचे सल्ले मिळतील. पहिल्या सरीबरोबर ते सगळं तळ्यात जातं.

६. रात्रीची मंडळी

मांजरासाठी वेगळं काही लागत नाही, चौकटीला कडी असली की झालं. कडी मात्र खरी हवी, हुक नव्हे. अंगणात खाली पडलेले आंबे, चिकू, पेरू संध्याकाळी उचला आणि मांजराच्या जेवणाची वाटी रात्री बाहेर ठेवू नका. त्या वासाने उदमांजर, घूस, सगळेच येतात.

घूस मासे खायला येत नाही, पण तळं प्लॅस्टिकच्या लायनरचं असेल तर ती कडेने पोखरून भोक पाडते. सकाळी चार इंच पाणी आणि तडफडणारे मासे. पंपाची वायरही तीच कुरतडते, म्हणून वायर पाइपातून घ्या आणि त्या लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) बसवल्याशिवाय पंप चालू करू नका. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद, प्रत्येक वेळी.

७. पावसाळा आणि दिवड

जूनपासून गणित बदलतं. पहिला धोका कुठल्याच प्राण्याचा नाही: जोराच्या पावसात तळं भरून वाहतं आणि मासे पाण्याबरोबर गटारात जातात. मे संपायच्या आत ओव्हरफ्लोचा पाइप बसवा आणि त्याच्या तोंडाला जाळी. जाळीवर पानं साठतात, म्हणून पाइप दोन इंचापेक्षा बारीक नको.

मग बेडूक येतात आणि बेडकांमागे दिवड. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, डोळ्याखाली काळ्या तिरक्या रेघा. ती बिनविषारी आहे, पण तापट. डिवचली की मान चपटी करते, लोक ‘नाग, नाग’ म्हणून काठी आणतात आणि तिथेच संपवतात. तिला मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. पकडून लांब सोडणं हेही आपलं काम नाही. आणि ‘ही दिवडच आहे’ याची खात्री आपल्या नजरेवर ठेवू नका, चार पावलं लांब राहा. साप जाळ्यात अडकला असेल तर ओढू नका. मुलांना आत घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या अनुभवी सर्पमित्राला बोलवा.

दिवड येऊ नये म्हणून वेल्डमेशची पट्टी सहा इंचांवर न थांबवता दोन फूट उंच आणि वरून बाहेरच्या बाजूला झुकलेली ठेवा. तळ्याला लागून विटांचा ढीग, पालापाचोळा, रिकाम्या कुंड्या नकोत. तरीही एखादी येईल. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे आली, दोन दिवसांत तीन गप्पी खाल्ले आणि गेली. गप्पी परत वाढले.

याच दिवसांत वंचक आणि रातबगळ्यांची पिल्लं घरट्यात असतात, त्यामुळे फेऱ्या वाढतात. जुलै-ऑगस्टमध्ये जाळं ‘साफसफाईपुरतं’ उघडं टाकून बाजारात जाऊ नका. एक तास पुरतो.

८. हल्ला झालाच तर

उरलेले मासे दोन-तीन दिवस तळाशी दडून राहतात, खात नाहीत. खाणं टाकत राहिलात तर ते सडतं. दोन दिवस काही टाकू नका.

जखमी मासा वेगळ्या टबात, तळ्याच्याच पाण्यात, एअर पंप लावून ठेवा. लिटरला ३ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे २० लिटरच्या टबाला ६० ग्रॅम, वेगळं विरघळवून हळूहळू घाला. आयोडीनवालं मीठ नको. तळ्यातच मीठ टाकू नका, कुमुद मरेल. टबावर ताट किंवा जाळी ठेवा. माझा वाचलेला एक मासा टबातून उडी मारून गेला होता.

सगळे मासे गेले तर तळं रिकामं ठेवून हळहळत बसू नका. आठवड्यात डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची तपासणीची माणसं नोटीस देतात. निदान गप्पी तरी सोडा. नवे गोल्डफिश मात्र चौकट पूर्ण झाल्यावरच आणा. बगळ्याला जागा पाठ असते, त्याच वेळेला परत येतो.

९. गावाला जाताना

गणपतीला आठवडाभर जाणार असाल तर मोठे मासे उपाशी राहिले तरी चालतात, शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगू नका. प्रेमाने ते मूठभर जास्तच टाकतात. पाण्याची पातळी आणि पंप बघायला मात्र सांगा. आमच्याकडे आता हे काम त्याच काकू करतात, मांजर कडेवर घेऊन. जाळी उघडावी लागलीच तर नंतर कडी लावली का, एवढं त्यांना रात्री फोन करून विचारा.